दुखवट्याचे लॉकेट

सदानंद खांबेटे यांनी समोरच्या चहाला हात लावला नाही.

"मला चोर शोधून नको आहे, शशिकलाबाई," ते म्हणाले. "चोर मला ठाऊक आहे. मला वस्तू हवी आहे. उद्या सकाळपर्यंत ती मिळाली नाही, तर मी पोलिसांत तक्रार करणार. माझा ड्रायव्हर धनाजी उद्या रात्रीच्या विमानाने रजेवर गावी निघाला आहे. एकदा तो गेला की संपलं."

दोहाच्या फरीज बिन ओमरान वस्तीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात बुधवारची सकाळ एसीच्या घरघरीवर चालली होती. शशिकला राजाध्यक्ष खिडकीपाशी बसल्या होत्या. विमा कंपन्यांसाठी नुकसानीची पाहणी करण्यात त्यांची दोहामध्ये पंचवीस वर्षे गेली होती. जळालेली गोदामे, बुडालेल्या बोटी, न झालेल्या चोऱ्या, सारे त्यांनी पाहिले होते. आता त्या निवृत्त होत्या आणि माणसे खासगी अडचणी घेऊन त्यांच्याकडे येत. त्यांचा धाकटा दीर अवधूत अशा वेळी गाडी चालवी आणि सोबत करी. वहिनींच्या तपासात आपला निम्मा वाटा आहे, असे अवधूतला मनोमन वाटे. वहिनींनी तसे कधी म्हटले नव्हते.

"वस्तू कोणती?" शशिकलाबाईंनी विचारले.

खांबेटे यांनी प्रदर्शनाचे छापील माहितीपत्रक पुढे केले. वर शीर्षक होते, 'महाराणी व्हिक्टोरिया : एक आयुष्य'. विश्वचषकासाठी जगभरचे लोक दोहात येणार, म्हणून इथल्या मराठी मंडळाने जे कार्यक्रम आखले होते, त्यांत खांबेटे यांच्या संग्रहाचे प्रदर्शनही होते. वायू प्रकल्पात तीस वर्षे नोकरी करताना या गृहस्थांनी एकच छंद जोपासला होता. तो म्हणजे ही राणी.

मधल्या पानावर एका लॉकेटचे छायाचित्र होते. काळ्या मिन्याचे, सोन्याच्या कडेचे, मध्ये काचेखाली केसांची एक गुंडाळलेली बट.

"राणीचा नवरा गेला तेव्हा ती बेचाळीस वर्षांची होती," खांबेटे सांगू लागले आणि त्यांचा आवाज एकाएकी मऊ झाला. "त्यानंतर चाळीस वर्षं तिने काळा वेश उतरवला नाही. नवऱ्याची खोली जशीच्या तशी ठेवली. रोज संध्याकाळी त्याच्या दाढीसाठी गरम पाणी नेऊन ठेवायला लावायची. त्याच्या केसांची बट घालून तिने दुखवट्याचे दागिने करवून घेतले. त्यांतलंच हे एक."

"आणि ते सोमवारी गेलं."

"सोमवारी सकाळी. मी वर माझ्या खोलीत होतो. खालचं दार उघडल्याचा आवाज आला. खिडकीतून पाहिलं तर धनाजी एक पांढरं गाठोडं गाडीत ठेवत होता. खाली जाऊन बघतो तो काचपेटी उघडी आणि लॉकेट नाही! कुठे गेला होतास म्हणून विचारलं, तर सांगत नाही. मान खाली घालून उभा राहतो. आणखी काय पुरावा हवा?"

"घरातलं दुसरं कोणी दार उघडून गेलं नसेल?"

"शक्य नाही," खांबेटे ठामपणे म्हणाले. "आमच्या घरात 'येतो' म्हटल्याशिवाय कोणी उंबरा ओलांडत नाही. आसावरीची, माझ्या पत्नीची ती शिस्त होती. मुलगा, सून, कोणीही असो. त्या सकाळी दार वाजलं, पण शब्द आला नाही. म्हणजे माणूस बाहेरचा."

शशिकलाबाईंनी मान हलवली. ती होकारार्थी होती की नकारार्थी, हे अवधूतला कळले नाही.

---

खांबेटे यांच्या अबू हमूरमधल्या घरी जाताना रस्ता दोनदा बदलावा लागला. विश्वचषकाच्या कामांसाठी कालपर्यंत उघडा असलेला फाटा आज बंद होता आणि दिव्यांच्या खांबांवर नवी निशाणे चढत होती.

"वहिनी, सरळ केस आहे," अवधूत म्हणाला. "गाठोडं, गाडी, मौन. ड्रायव्हरच."

"भावजी, तुमचं डोकं एसीच्या थर्मोस्टॅटसारखं आहे. ठरल्या आकड्याला पोचलं की बंद पडतं."

खांबेटे यांच्या व्हिलाचा दिवाणखाना म्हणजे राणीचे आयुष्य होते. एका कडेने लाकडी पुतळे उभे होते: राज्याभिषेकाच्या झग्यातली मुलगी, पांढऱ्या पोशाखातली नवरी आणि शेवटी काळ्या वेशातली विधवा. विधवेसमोरच्या काचपेटीत आता मखमलीच्या उशीवर फक्त एक सोन्याची साखळी पडलेली होती. शेजारच्या पेटीत राज्याभिषेकाचे सुवर्णपदक शाबूत होते.

"साखळी त्याच लॉकेटची?" शशिकलाबाईंनी विचारले.

"हो. घाईत राहिली असेल."

"कडी वाकलेली नाही. सावकाश सोडवली आहे." त्या वाकल्या. "आणि किल्ली?"

खांबेटे यांनी भिंतीकडे बोट केले. तिथे एका प्रसन्न बाईंची तसबीर होती. संक्रांतीची काळी चंद्रकळा, अंगावर हलव्याचे दागिने आणि मेंदीने तांबूस झालेल्या केसांची जाड वेणी पुढे घेतलेली.

"आसावरीच्या फोटोमागे. घरात सर्वांना ठाऊक आहे. धनाजीलाही."

पेटीखालच्या खणात लॉकेटची मूळ चामडी डबी होती. झाकणात लंडनच्या सोनाराचा सोनेरी ठसा. शशिकलाबाईंनी डबीतल्या रेशमी अस्तरावरून अंगठा फिरवला. एका कोपऱ्यात ते किंचित फुगले होते.

"दीडशे वर्षांचा डिंक," अवधूत जाणकाराच्या थाटात म्हणाला. "दमटपणाने सुटतो."

"सुटलेला डिंक चिकटत नाही, भावजी. हा चिकटलेला आहे." त्यांनी डबी मिटली. "खांबेटेसाहेब, हे लॉकेट विकत घेतलंत तेव्हाचं चित्र आहे?"

खांबेटे यांनी क्षणभर विचार केला आणि मग लिलावाचा जुना कॅटलॉग काढून दिला. अवधूतने तो माहितीपत्रकाशेजारी धरला. लॉकेट तेच होते. जुन्या चित्रात बट गडद, काळपट होती. नव्यात तिला तांबूस झाक होती.

"उजेडाचा फरक," अवधूत म्हणाला.

"सोन्याची कड मात्र दोन्हींत एकाच रंगाची आहे," शशिकलाबाई पुटपुटल्या.

स्वयंपाकघरात सून नुपूर, मुलगा अनय याची बायको, लॅपटॉप मिटून कॉफी ओतत होती. मागे भिंतीवर मराठी दिनदर्शिका लटकत होती.

"मावशी, ऑनेस्टली सांगू? हे घर आहे की म्युझियम, मला कळत नाही," ती दबक्या आवाजात म्हणाली. "वरची खोली बघा. आईंचा चष्मा, आईंच्या चपला, सगळं जागच्या जागी. रोज संध्याकाळी बाबा स्वतः त्यांच्यासाठी गरम पाण्याचा पेला नेऊन ठेवतात. दीड वर्ष झालं. वर्षश्राद्धसुद्धा करू दिलं नाही. म्हणाले, राणीने चाळीस वर्षं केलं, मी का नाही?"

"आसावरीताई इथेच गेल्या?"

"इथेच, हॉस्पिटलमध्ये. तेव्हा बाबा स्वतः कोविडने आयसीयूत होते. अनय एकटाच त्यांना घेऊन पुण्याला गेला. बाबांना शेवटचं दर्शनही मिळालं नाही." तिने डोळे टिपले. "आजारपणात त्यांची वेणी कापावी लागली होती. एवढे सुंदर केस! वेणीचं पुढे काय झालं, कोणालाच माहीत नाही."

शशिकलाबाईंनी कॉफीचा कप हातात घेतला. मग म्हणाल्या, "सोमवारी अनय कामावर केव्हा गेला?"

"बाबा म्हणतात पहाटेच. त्याची गाडी सर्व्हिसिंगला आहे, एक कलीग त्याला गेटवरून घेतो. मी मीटिंगमध्ये होते. दुपारच्या आधीच परत आला मात्र. डोकं दुखतंय म्हणाला. मी दारात पाणी घेऊन गेले तर त्याने पेल्याला हातही लावला नाही, डायरेक्ट अंघोळीला. वर स्वतःचे कपडे स्वतः मशीनला लावले. लग्नानंतर पहिल्यांदा! मी म्हटलं, आज सूर्य कुठे उगवला?"

"उकाडाच तसा आहे सध्या," अवधूत सहानुभूतीने म्हणाला.

"आणि मागच्या शुक्रवारी घरी कोण होतं?"

"कोणीच नाही. सकाळपासून आम्ही सगळे मंडळाच्या बैठकीला होतो. घरात इनायतभाईंचे कामगार पेट्यांचे दिवे बसवत होते. धनाजीकडे घराच्या किल्ल्या होत्या."

"म्हणजे दिवसभर मोकळं रान," शशिकलाबाई स्वतःशीच म्हणाल्या.

---

धनाजी लोखंडे व्हिलामागच्या खोलीत पलंगावर बसून बॅग भरत होता. पन्नाशीचा, बीडकडचा, रुंद हाडाचा माणूस. दोन वर्षांनी तो गावी निघाला होता. उघड्या बॅगेत बायकोसाठी घेतलेली शाल आणि वडिलांसाठी एक रक्तदाबाचे यंत्र होते.

"आई-वडील आहेत का?" शशिकलाबाईंनी विचारले.

"हायत की, बाई. देवाच्या दयेनं दोघंबी हायत. बाप शहात्तरीचा झाला, अजून शेतावर जातोय."

"धनाजी, सोमवारी कुठे गेला होतात?"

त्याचा चेहरा बंद झाला. "गेल्तो एका कामाला."

"कोणाच्या?"

"ते न्हाई सांगता येणार."

"अरे बाबा," अवधूत कळवळून म्हणाला, "साहेब उद्या तक्रार करणार. एकदा केस झाली की देश सोडता येत नाही. विमान जाईल, नोकरी जाईल, तुरुंगही होईल!"

"व्हईल ते व्हईल. म्या कुणाचं काय चोरलं न्हाई. पण शब्द दिलाय." धनाजीने शालीची घडी पुन्हा घातली. ती आधीच नीट होती.

शशिकलाबाईंनी त्याच्याकडून गाडीची किल्ली घेतली. गाडी बाहेरून लख्ख धुतलेली होती. त्यांनी पुढचे, चालकाशेजारचे दार उघडले. पायपुसण्याच्या कडेला वाळूचा एक पट्टा वाळून घट्ट बसला होता. बाटली ठेवायच्या खाचेत काही काळे दाणे पडले होते.

"खुबूसच्या रोटीवरची कलौंजी," अवधूतने निदान केले. "इथल्या प्रत्येक बेकरीत असते."

शशिकलाबाईंनी एक दाणा तळहातावर घेतला. "कलौंजी टोकेरी असते. हा चपटा आहे. काळे तीळ." त्या शेजारच्या आसनाकडे पाहत राहिल्या. "खांबेटेसाहेब गाडीत कुठे बसतात, धनाजी?"

"साहेब मागं. नुपूरताईबी मागंच."

"आणि अनय?"

धनाजी वाकून टायर तपासू लागला.

शशिकलाबाई परत दिवाणखान्यात आल्या तेव्हा तिथे इनायतभाई आले होते. सूक वाकिफ बाजारातले जुन्या वस्तूंचे व्यापारी, मूळचे हैदराबादचे, अत्तराचा मंद वास आणि हातात बोटाएवढे सोनारी भिंग. या लॉकेटला त्यांनी तीनदा मागणी घातली होती आणि खांबेटे यांनी तीनदा नकार दिला होता.

"मुझपर शक है, मोहतरमा?" ते हसत म्हणाले. "जायज है. लेकिन मैं लेता तो ऐसे लेता? बिना चेन के? बिना इस डिब्बी के? लंदन का ठप्पा इस डिब्बी पर है. इसके बगैर वो लॉकेट यतीम है. कौन मानेगा कि महल से आया?"

"आणि तुमचे कामगार?"

"जुम्मे को पूरा घर उनके हाथ में था. चोरी करनी होती तो उस दिन करते. पीर को, यानी सोमवार को, क्यों करते, जब साहब ख़ुद ऊपर बैठे हैं?"

"शुक्रिया," शशिकलाबाई म्हणाल्या. "हाच प्रश्न मला पडला होता."

---

द पर्ल या समुद्रकाठच्या वसाहतीच्या धक्क्यावर पांढऱ्या नौकांच्या रांगा उभ्या होत्या. अनय खांबेटे तिथल्या इमारतींच्या देखभालीचा अभियंता होता. पाहुण्यांसाठी घरे सज्ज करण्याच्या गडबडीत तो भेटला तेव्हा त्याच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळे होती.

"सोमवारी मी इथेच होतो, काकू. इन्स्पेक्शन्स चालू आहेत. विचारा हवं तर." तो घाईघाईने बोलत होता. "बाबा खरंच तक्रार करणार आहेत का? धनाजीला अटक नाही ना करणार? त्याच्या बाबतीत काही करता येईल का?"

"लॉकेट सापडलं तर करता येईल," शशिकलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी माहितीपत्रकाचे मधले पान त्याच्यापुढे उघडले. "हा फोटो कोणी काढला?"

"मीच. गणपतीच्या आधी, मोठ्या लेन्सने." अनयने पानाकडे पाहिले नाही. हलकेच ते मिटले आणि पालथे ठेवले.

गाडीत बसल्यावर अवधूत म्हणाला, "भला मुलगा. नोकराची केवढी काळजी!"

"हो," शशिकलाबाई समुद्राकडे पाहत म्हणाल्या. "चोर कोण, हे मात्र त्याने एकदाही विचारलं नाही. खांबेटेंना फोन करा, भावजी. घरातल्या सर्वांना पाच वाजता जमवायला सांगा. धनाजीला दाराबाहेर बसू दे. मी हाक मारीपर्यंत आत येऊ देऊ नका."

---

उन्हे कलली होती. पडद्यांतून येणारा पिवळा उजेड राणीच्या पुतळ्यांवर पडला होता. खांबेटे आरामखुर्चीत ताठ बसले होते. नुपूर आणि अनय सोफ्यावर, इनायतभाई खिडकीशी आणि अवधूत दाराजवळ. शशिकलाबाई काचपेटीपाशी उभ्या राहिल्या.

"मी आयुष्यभर एकच पद्धत पाळली आहे," त्यांनी सुरुवात केली. "काय गेलं, याच्या आधी काय राहिलं ते पाहायचं. इथे सोन्याची साखळी राहिली, सुवर्णपदक राहिलं, डबीही राहिली. लोभी माणूस साखळी सोडत नाही आणि जाणता माणूस डबी सोडत नाही. तेव्हा पैशासाठी हे लॉकेट कोणीच नेलेलं नाही. इनायतभाई, तुम्ही सुटलात."

इनायतभाईंनी छातीवर हात ठेवला.

"मग नेलं कशासाठी? उरलं काय? आतली बट." त्यांनी कॅटलॉग आणि माहितीपत्रक शेजारी शेजारी ठेवले. "जुन्या चित्रात बट काळपट आहे, नव्यात तांबूस. फरक उजेडाचा असता तर सोन्याचा रंगही बदलला असता. तो बदललेला नाही. म्हणजे बट बदलली आहे."

"काहीतरीच!" खांबेटे उसळले.

शशिकलाबाईंनी चामडी डबी उघडली, फुगलेल्या कोपऱ्यावरचे रेशीम हलकेच उचकटले आणि चिमट्याने एक लहानशी गडद बट बाहेर काढली.

"ही राणीच्या नवऱ्याची, त्या राजपुत्राची. जपूनच ठेवलीत, साहेब. तुम्ही वस्तूंचा आदर करणारे आहात. आणि लॉकेटमध्ये..." त्या थांबल्या. त्यांची नजर भिंतीवरच्या तसबिरीकडे गेली, मेंदीच्या तांबूस वेणीकडे.

नुपूरने तोंडावर हात नेला.

"मला तिला पाहताही आलं नाही," खांबेटे खोल आवाजात म्हणाले. "मी यंत्राला जोडलेला होतो. शुद्धीवर आलो तेव्हा ती पुण्यात राख झाली होती. हॉस्पिटलने दिलेल्या तिच्या सामानाच्या पिशवीत वेणी होती. तेवढीच उरली होती. राणीने जे केलं तेच मी केलं. त्यात चूक काय?"

"चूक आहे असं मी म्हणत नाही. मी स्वतः विधवा आहे, साहेब." शशिकलाबाईंचा स्वर बदलला नाही. "पण बट तुमच्या दृष्टीने ठेव होती आणि दुसऱ्या कोणाच्या दृष्टीने अडकलेला जीव. आपल्याकडे गेलेल्या माणसाचे केस घरात ठेवत नाहीत. पाण्यात सोडतात. आता इनायतभाईंचा प्रश्न घेऊ. शुक्रवारी घर दिवसभर रिकामं होतं. तो सोपा दिवस सोडून नेणाऱ्याने सोमवार का निवडला? तुम्ही वर बसलेले असताना?"

त्या अवधूतकडे वळल्या. "भावजी, स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर सोमवारी काय लिहिलंय?"

अवधूत आत गेला आणि परत आला तेव्हा त्याचा चेहरा पडला होता. "पितृपक्षातली नवमी. अविधवा नवमी."

"नवऱ्याआधी गेलेल्या सवाष्णीची तिथी. आसावरीताईंना वर्ष होऊन गेल्यावर आलेली ही पहिली. चोर सोय बघून दिवस निवडतो. इथे दिवस आधीच ठरलेला होता, सोय मागाहून बघितली गेली. गाडीत काळे तीळ सांडले होते. धनाजीचे आई-वडील दोघंही हयात आहेत. त्याला तिळांचं काय काम? तीळ चालकाशेजारच्या जागेपाशी होते, समुद्राची वाळूही तिथेच. तिथे तुम्ही बसत नाही, नुपूरही बसत नाही. पांढऱ्या गाठोड्यात लॉकेट नव्हतं. पंचा, दर्भ, तीळ होते."

"पण दार!" खांबेटे म्हणाले. "मी सांगितलं ना, कोणी 'येतो' म्हणालं नाही!"

"तुमचं सगळं गणित तिथेच चुकलं. तुम्ही म्हणालात, शब्द आला नाही म्हणजे माणूस बाहेरचा. पण आपण 'येतो' कधी म्हणत नाही, साहेब? मयताला निघताना. दुखवट्याच्या घरून उठताना. अशा कामाला जाणारा माणूस मुद्दाम न बोलता जातो. धनाजीला तुमच्या घरची शिस्त लागू नव्हती. ती ज्याच्या हाडीमाशी भिनली होती, त्याचंच मौन अर्थाचं होतं. तोच परत आल्यावर दारात पाण्याला शिवला नाही, आधी अंघोळीला गेला आणि अंगावरचे कपडे स्वतः धुतले."

नुपूर सावकाश नवऱ्याकडे वळली.

अनय उठला. खिशातून त्याने रुमालात गुंडाळलेले लॉकेट काढले आणि वडिलांच्या मांडीवर ठेवले. काचेखाली काही नव्हते.

"फोटो काढताना लेन्समधून दिसलं, बाबा. आईचे केस मी ओळखणार नाही?"

"तुला कोणी अधिकार दिला?" खांबेटे यांचा आवाज फाटला.

"आईने." अनयने तसबिरीकडे बोट केले. "शेवटच्या दिवशी म्हणाली, माझं काही मागे ठेवू नका रे, मला मोकळी करा. पुण्याला सगळं केलं. आणि इथे ती काचेच्या पेटीत होती. उद्या हजारो परके लोक येऊन तिच्याकडे बघणार, कोणा राजपुत्राचे केस म्हणून!"

"मला का नाही सांगितलंस?"

"दीड वर्ष सांगतोय. वर्षश्राद्धाला सांगितलं, तुम्ही ताटावरून उठलात. वक्राच्या समुद्रावर येता का म्हटलं असतं, तर आला असतात?"

"नसतो आलो," खांबेटे म्हणाले.

"मला वाटलं, संध्याकाळी जुनी बट घालून परत ठेवीन. ती कुठे आहे तेच सापडेना. परत येईतो तुम्ही खाली आला होतात, धनाजीवर ओरडत होतात. मग मला... मला बोलताच येईना."

"आईचं काम केलंत, त्याबद्दल मी एक अक्षर बोलणार नाही," शशिकलाबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात प्रथमच धार आली. "पण दोन दिवस एका म्हाताऱ्या बापाच्या मुलाला चोर ठरू दिलंत. तो तुमच्यासाठी तुरुंगात जायला तयार होता. ते तर्पण कोण करणार?"

अनयने मान खाली घातली. शशिकलाबाईंनी धनाजीला हाक मारली.

धनाजी आत येऊन दाराशी उभा राहिला. त्याने मांडीवरचे लॉकेट पाहिले, अनयकडे पाहिले आणि काय झाले ते ओळखले.

"धनाजी," खांबेटे कष्टाने म्हणाले, "मी तुला दहादा विचारलं. बोलला का नाहीस?"

"साहेब, तुम्ही इचारलं चोरलंस का. म्या म्हणलं न्हाई. कुठं गेल्तास म्हणलात, तवा दादांना दिल्याला शब्द आडवा आला. मयताचं काम हुतं. आमच्याकडं त्येची वाच्यता करत न्हाईत."

"तू होतास तिथे? शेवटपर्यंत?"

"हुतो की. दादा गुडघाभर पाण्यात गेले. हात कापत हुते म्हणून म्या खांदा धरला. ओहोटी हुती, साहेब. लाट आली आन् हलकेच घेऊन गेली. वैनीसायबांनी मागं वळून बघितलं न्हाई."

खांबेटे रिकाम्या काचेवरून अंगठा फिरवत राहिले. बायकोच्या शेवटच्या निरोपाला घरातला एक आणि परका एक, एवढे दोनच साक्षीदार लाभले आणि त्यांतल्या एकाला आपण तुरुंगात धाडायला निघालो होतो, हे त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटत गेले. अवधूतला त्यांच्याकडे पाहवेना.

"बस, धनाजी," खांबेटे म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या, साहेब. बरा हाय म्या."

खांबेटे खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले. अनय पुढे झाला. त्यांनी त्याला हातानेच थांबवले. ती आरामखुर्ची त्यांनी स्वतः ओढून धनाजीसमोर आणली आणि तिच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले.

"मी तुला या घरात चोर म्हणालो. सगळ्यांच्या देखत म्हणालो, तेव्हा सगळ्यांच्या देखतच सांगतो, मी चुकलो. तू बसेपर्यंत मी उभा राहणार आहे. आणि उद्या विमानतळावर गाडी मी चालवीन."

धनाजीने शशिकलाबाईंकडे पाहिले. त्यांनी मान हलवली. तो बिचकत, खुर्चीच्या अगदी कडेवर बसला.

"आता सांग," खांबेटे त्याच्यापुढे गालिच्यावर सावकाश मांडी घालत म्हणाले. "पहिल्यापासून सांग. गाडीतून उतरलात, मग काय झालं?"